उंबरठ्यावरची जाहिरात

ता. २८ ऑगस्ट १९२२ रोजीं सायंकाळीं न्यूयॉर्क शहरांतील डब्ल्यूईएएफ या नभोवाणी-केंद्रावरून दहा मिनिटांचें एक भाषण झालें. विषय होता जॅक्सन हाइट्स या वस्तींतील नव्या बिऱ्हाडांचा. शहराची दाटी सोडून मोकळ्या हवेंत राहावयास जावें, असा उपदेश वक्त्यानें श्रोत्यांना केला. आणि तो उपदेश करूं दिल्याबद्दल त्या इमारतींच्या मालक कंपनीनें केंद्राला ५० डॉलर मोजले. नभोवाणीच्या इतिहासांत विकत दिलेल्या वेळेचा हा आरंभ समजला जातो.

त्या काळीं अमेरिकेंतील श्रोत्याला यंत्राच्या किंमतीपलीकडे कांहीं द्यावें लागत नसे. कार्यक्रमाचा खर्च कोठून तरी निघावयास हवा होता, तो जाहिरातींतून निघूं लागला. इंग्लंडनें त्याच वर्षीं दुसरी वाट धरली. तेथें प्रत्येक यंत्रामागें वर्षाला १० शिलिंगांचा परवाना घ्यावा लागे व त्या उत्पन्नावर नभोवाणी चाले. आपल्याकडे ता. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें केंद्र सुरू झालें, तेव्हां परवान्याची वार्षिक फी १० रुपये होती. पुढें चाळीस वर्षांनीं, म्हणजे ता. १ नोव्हेंबर १९६७ पासून, विविध भारतीच्या मुंबई, पुणें व नागपूर या केंद्रांवरून जाहिराती ऐकूं येऊं लागल्या. परवान्याची फी मात्र त्या वेळीं चालूच होती. म्हणजे श्रोता पैसे भरीत होता आणि जाहिरातहि ऐकत होता. हें चूक कीं बरोबर, याचा वाद त्या काळीं फारसा चिघळला नाहीं, कारण गाणीं गोड होतीं व फी थोडी होती. पण प्रश्न उरलाच. एखाद्या वस्तूचें मूल्य रोख चुकतें केल्यावर त्या वस्तूच्या द्वारें दुसऱ्याचा माल आपल्यापुढें मांडण्याचा हक्क विकणाऱ्याला राहतो काय? हाच प्रश्न पुढें संगणकाच्या पडद्यावर फार मोठ्या प्रमाणांत उभा राहिला.

वैयक्तिक संगणक घरांत व कचेरींत आला, तेव्हां त्याचा उंबरठा अगदीं मोकळा होता. १९८१ साली निघालेला आयबीएम कंपनीचा संगणक सुरू केला म्हणजे काळ्या पडद्यावर एक लहानशी खूण लुकलुकत राही आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत बसे. त्याला स्वतःचें असें कांहीं सांगावयाचें नव्हतें. १९९० मध्यें मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.० या प्रणालीबरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा एकट्यानें खेळावयाचा डाव आला. तो कंपनींत उमेदवारी करणाऱ्या वेस चेरी या तरुणानें रचला होता व त्याचीं पानें सुझन केअर या चित्रकर्तीनें काढलीं होतीं. प्रणाली विकत घेणाऱ्याला तो डाव बरोबरच मिळे. माऊस कसा धरावा व पान उचलून दुसऱ्या पानावर कसें ठेवावें, हें असंख्य लोक त्याच डावावर शिकले. त्या पत्त्यांच्या भोवतीं कोणाचाहि माल मांडलेला नव्हता.

याच सुमारास दुसरी एक पद्धत रुळत होती. १९८२ साली अमेरिकेंत अँड्र्यू फ्लूगेलमन व जिम नॉफ या दोघां गृहस्थांनीं आपापले प्रोग्राम लोकांना मोकळेपणानें वाटून द्यावयास प्रारंभ केला. वापरून पाहा, मित्रांना द्या, आणि उपयोगी वाटल्यास पैसे पाठवा, असा त्यांचा सौदा होता. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनीं प्रोग्राम उघडतांच पैशांची आठवण करून देणारा एक पडदा लावण्याची युक्ति काढली. तो पडदा मोठा त्रासदायक असे. कधीं कधीं कांहीं सेकंद हलतच नसे. परंतु त्यामागें एक सरळ नियम होता. पैसे पोंचले, नोंदणीचा क्रमांक हातीं आला, कीं तो पडदा कायमचा नाहींसा होई. ज्यानें मोल दिलें त्याचा उंबरठा स्वच्छ, असा हा अलिखित करार होता, आणि तो बहुतेकांना न्याय्य वाटे.

हा करार पुढें आणखी उघड झाला. २००० सालच्या सुमारास क्वालकॉम कंपनीनें युडोरा या टपालाच्या प्रोग्रामाचे तीन प्रकार केले. पैसे देणाऱ्यास जाहिरातीविना संपूर्ण प्रोग्राम, पैसे न देणाऱ्यास जाहिरातींसह संपूर्ण प्रोग्राम, आणि दोन्ही नको असणाऱ्यास कमी सोयींचा साधा प्रोग्राम. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नॉर्वेंतील ऑपेरा हा ब्राउझर जाहिरातींच्या आधारावर फुकट मिळूं लागला. पैसे भरले कीं जाहिरातीची पट्टी निघून जाई. ता. २० सप्टेंबर २००५ पासून ती पट्टी सर्वांसाठींच काढण्यांत आली. २०११ मध्यें ॲमेझॉन कंपनीनें किंडल या वाचनयंत्राच्या दोन किंमती लाविल्या. साधें यंत्र १३९ डॉलर, आणि मिटलेल्या पडद्यावर जाहिराती दाखविणारें तेंच यंत्र ११४ डॉलर. म्हणजे वाचकाच्या उंबरठ्याचें भाडें २५ डॉलर ठरलें, व तें त्यालाच सूट म्हणून मिळालें. या सौद्यांविषयीं कोणाचें कांहींहि मत असो. त्यांत लपवाछपवी नव्हती. घेणाऱ्याला आधींच ठाऊक होतें कीं आपण काय देत आहों व काय घेत आहों.

संगणकाच्या मूळ प्रणालीची गोष्ट मात्र निराळी होती. ता. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं विंडोज ९५ बाजारांत आली आणि तिच्याबरोबर ‘स्टार्ट’ हें बटण व चिन्हांनीं भरलेला पडदा आला. त्या पडद्यावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नव्या दूरसंचार-सेवेचें, एमएसएनचें, चिन्ह पहिल्या दिवसापासून बसविलेलें होतें. संगणक उघडणारा प्रत्येक मनुष्य त्या जागेवरून जाणार, तेव्हां ती जागा हमरस्त्यावरील दुकानाप्रमाणें मोलाची आहे हें व्यापाऱ्यांनीं लागलेंच ओळखलें. मार्च १९९६ मध्यें अमेरिका ऑनलाइन या सेवेनें मायक्रोसॉफ्टशीं करार केला. अमेरिका ऑनलाइननें आपल्या ग्राहकांना मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर द्यावा आणि त्याच्या बदल्यांत विंडोजच्या पडद्यावर तिला जागा मिळावी, असा तो सौदा होता. पैशाऐवजीं पडद्यावरील चार बोटें जागा हेंच येथें चलन झालें होतें.

याच वर्षीं कॉम्पॅक या संगणक बनविणाऱ्या कंपनीनें आपल्या कांहीं यंत्रांवरून मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरचें व एमएसएनचें अशीं दोन चिन्हें काढून टाकलीं. मायक्रोसॉफ्टनें विंडोजचा परवाना रद्द करण्याची तंबी दिली, आणि कॉम्पॅकनें तीं चिन्हें परत जागेवर बसविलीं. संगणक सुरू होतांना कोणता पडदा प्रथम दिसावा, त्यावर काय असावें, व काय काढतां येऊं नये, याचे निर्बंध मायक्रोसॉफ्टनें सर्वच निर्मात्यांवर घातले होते. मे १९९८ मध्यें अमेरिकेच्या सरकारनें व अनेक राज्यांनीं तिच्यावर जो प्रसिद्ध खटला भरला, त्यांत हे निर्बंध हा एक प्रमुख मुद्दा होता. ता. २८ जून २००१ रोजीं अपील कोर्टानें त्यांतील बहुतेक निर्बंध बेकायदा ठरविले, व पुढच्याच महिन्यांत निर्मात्यांना ब्राउझरचें चिन्ह काढण्याची मुभा मिळाली.

या खटल्याकडे आज पाहतां एक गोष्ट विशेष लक्षांत येते. प्रणाली विकणारी कंपनी व यंत्र बनविणाऱ्या कंपन्या या दोन पक्षांत उंबरठा कोणाचा, हा झगडा होता. यंत्र विकत घेऊन घरीं नेणारा तिसरा पक्ष, ज्याच्या पैशावर हें सर्व चाललें होतें, त्याचा हक्क या झगड्यांत मध्यवर्ती नव्हताच.

निर्मात्यांना मिळालेल्या स्वातंत्र्याचें त्यांनीं काय केलें, हें पुढील दहा वर्षांत दिसून आलें. संगणकाच्या किंमती उतरत होत्या व एका यंत्रामागें सुटणारा नफा बारीक झाला होता. विषाणु-निवारक प्रोग्राम, खेळ व निरनिराळ्या सेवा विकणाऱ्या कंपन्या पडद्यावरील जागेसाठीं पैसे द्यावयास तयार होत्या. नवें यंत्र घरीं आणून उघडावें तों त्यावर तीस किंवा साठ दिवसांच्या मुदतीचे नमुने रांगेनें उभे, अशी स्थिति झाली. या नमुन्यांनीं यंत्र मंद होई, आणि मुदत संपली कीं प्रत्येक जण आपापला तगादा लावी. मार्च २००८ मध्यें सोनी कंपनीनें आपल्या कांहीं यंत्रांवर हा पसारा न घालतां माल देण्याची सोय जाहीर केली. पण त्यासाठीं ४९.९९ डॉलर जादा मागितले. कचरा न टाकण्याचे पैसे मागणारा हा पहिलाच दुकानदार असावा, अशी टीका झाली. तेव्हां थोड्याच वेळांत कंपनीनें ती आकारणी मागें घेतली. २०१२ मध्यें खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेंतील दुकानांतून असाच पसारा ९९ डॉलर घेऊन साफ करून मिळत असे.

इथपर्यंतचा त्रास गैरसोयीचा होता. त्यापलीकडे धोकाहि असूं शकतो, हें फेब्रुवारी २०१५ मध्यें उघडकीस आलें. लेनोव्हो कंपनीनें सप्टेंबर २०१४ पासून विकलेल्या कांहीं लॅपटॉपांवर सुपरफिश नांवाचा एक प्रोग्राम आधींच बसविलेला होता. मनुष्य इंटरनेटवर वस्तु शोधूं लागला कीं हा प्रोग्राम पानांत आपल्या जाहिराती घुसवी. बँकेसारख्या ठिकाणचा व्यवहार गुप्त लिपींत चालतो, त्यांतहि त्याला डोकावतां यावें म्हणून त्यानें यंत्रांत स्वतःची एक ओळखमुद्रा विश्वासू म्हणून नोंदवून ठेविली होती. त्याहून वाईट म्हणजे या मुद्रेची गुप्त किल्ली सर्व यंत्रांत एकच होती. एका संशोधकानें ती किल्ली शोधून काढली, आणि मग कोणीहि लुच्चा त्या किल्लीनें या लॅपटॉपधारकांना खोटी बँक खरी म्हणून दाखवूं शकेल, हें स्पष्ट झालें. अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा-विभागानें तो प्रोग्राम काढून टाकण्याची सूचना दिली, व कंपनीनेंहि तो काढण्याचें साधन पुरविलें. सप्टेंबर २०१७ मध्यें ३२ राज्यांशीं तडजोड होऊन लेनोव्होनें ३५ लाख डॉलर भरले. जाहिरातदाराला दार उघडून देतांना कुलूपच मोडलें गेलें होतें; आणि तें घरमालकाला न विचारतां.

त्याच वर्षीं, ता. २९ जुलै २०१५ रोजीं, विंडोज १० आली. जुन्या दोन आवृत्तींच्या मालकांना ती वर्षभर फुकट मिळणार होती. नव्या यंत्राबरोबर वा स्वतंत्रपणें घेणाऱ्याला मात्र तिची किंमत द्यावी लागे. जाहिराती दोघांनाहि सारख्याच दिसूं लागल्या. ‘स्टार्ट’च्या यादींत ‘सूचना’ या सौम्य नांवाखालीं विकाऊ प्रोग्राम येऊं लागले. फेब्रुवारी २०१६ मध्यें संगणकाच्या कुलूपबंद पडद्यावर, जेथें निसर्गदृश्य दिसावयाचें तेथें, ‘राइझ ऑफ द टूम रेडर’ या खेळाचें चित्र झळकलें. मार्च २०१७ मध्यें फाईलींच्या कपाटांत कंपनीच्या वनड्राइव्ह या सांठवणीच्या सेवेची शिफारस दिसूं लागली. आणि पंचवीस वर्षें विनामूल्य चाललेला तो पत्त्यांचा डाव? त्यांत आतां जाहिराती येत, व त्या नको असल्यास महिन्याला सुमारें दीड डॉलर किंवा वर्षाला दहा डॉलर द्यावे लागत.

जाहिरातीच्या पाठोपाठ आग्रह आला. विंडोज १० घ्या, असें सांगणारी एक खिडकी जुन्या यंत्रांवर वारंवार उघडत असे. खिडकीच्या कोपऱ्यांतील फुलीवर टिचकी मारणें म्हणजे ‘नको’ म्हणणें, हा संकेत त्या कंपनीनेंच दोन दशकें लोकांच्या अंगवळणीं पाडला होता. परंतु मे २०१६ च्या सुमारास ती फुली दाबली तरी ठरविलेल्या वेळीं नवी प्रणाली बसविण्यास संमति आहे, असें गृहीत धरलें जाऊं लागलें. गदारोळ झाल्यावर हा प्रकार बदलण्यांत आला. कॅलिफोर्नियांतील एका प्रवास-व्यवसाय करणाऱ्या बाईंनीं, आपल्या अनुमतीविना सुरू झालेल्या या बदलानें कामाचा संगणक निकामी झाला म्हणून दावा लावला व त्यांना १०,००० डॉलरांची भरपाई मिळाली. रक्कम लहान असेल; पण उंबरठ्याचा मालक कोण, या प्रश्नावर एका सामान्य ग्राहकाला मिळालेला तो निकाल आहे.

विक्रेत्याची बाजूहि ऐकली पाहिजे. पूर्वीं प्रणाली एकदां विकली कीं संबंध जवळ जवळ संपे. आतां दर महिन्याला दुरुस्त्या व सुरक्षेच्या सुधारणा कित्येक वर्षें पुरवाव्या लागतात, त्यांचा निराळा आकार घेतला जात नाहीं, आणि हा खर्च कोठून तरी निघावयास हवा, असें तिचें म्हणणें मांडतां येईल. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण याच अडचणींतून युडोरा, ऑपेरा व किंडल यांनीं वाट काढली होती. दोन किंमती सांगाव्या व निवड घेणाऱ्यावर सोंपवावी. खर्चाची अडचण खरी असेल तर ती विक्रीच्या वेळीं बोलून दाखविण्यास हरकत कसली? किंमत पुरी घ्यावी, जाहिरातीला ‘सूचना’ म्हणावें, आणि ती बंद करण्याची कळ तिसऱ्या खोलींतील कपाटांत ठेवावी, या पद्धतीचें समर्थन खर्चाच्या मुद्द्यानें होत नाहीं.

कळ असते, हें मात्र खरें. एप्रिल २०२४ च्या सुधारणेनें विंडोज ११ च्या ‘स्टार्ट’ यादींतील शिफारशींच्या भागांत दुकानांतील प्रोग्रामांच्या जाहिराती आल्या, तेव्हां त्या बंद करण्याची सोयहि होती. सेटिंग्जमध्यें जावें, तेथून पर्सनलायझेशन, तेथून स्टार्ट, आणि तेथें सूचना व नव्या ॲपांच्या शिफारशी दाखविण्याची कळ बंद करावी. कुलूपबंद पडद्यासाठीं निराळी कळ, सूचनांच्या घंटेसाठीं आणखी निराळी. ज्याला हें ठाऊक आहे त्याचें काम दोन मिनिटांचें. पण सत्तर वर्षांच्या आजोबांना पडद्यावरील कोणता मजकूर यंत्राची खरी सूचना आहे व कोणता विक्रेत्याची हांक आहे, हें ओळखणें कठीण जातें. काढून टाकलेलीं चिन्हें मोठ्या सुधारणेनंतर पुन्हा उगवल्याच्या तक्रारीहि विंडोज १० च्या काळांत वारंवार झाल्या.

या प्रकरणांत सर्वांत बोलकी गोष्ट एका अपवादाची आहे. एप्रिल २०२४ च्या त्या जाहिरातींची चांचणी सुरू करतांना कंपनीनें सांगितलें होतें कीं, संस्थांच्या ताब्यांतील व्यवसायाच्या संगणकांवर त्या दिसणार नाहींत. कचेरीनें हजार यंत्रें एकदम घेतलेलीं असतात, तिच्यापाशीं जाणकार नोकर असतात, आणि ती नाराज झाल्यास गिऱ्हाईक हातचें जातें. म्हणून तिचा उंबरठा मोकळा. घरचा ग्राहक एकटा असतो. म्हणून त्याच्या उंबरठ्यावर फलक. जाहिरात काढतां येत नाहीं असें नाहीं, व ती काढल्यानें प्रणाली चालत नाहीं असेंहि नाहीं, हें या एका अपवादानें सिद्ध होतें.

एकट्याचें बळ अपुरें पडतें तेथें कायद्यानें उभें राहावें लागतें. युरोपियन संघाचा डिजिटल बाजारपेठांचा कायदा मार्च २०२४ पासून विंडोजला लागू झाला, आणि तेथील लोकांना मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर संपूर्ण काढून टाकण्याची व ‘स्टार्ट’च्या शोधांतून तिचें इंटरनेट-शोधयंत्र वगळण्याची सोय मिळाली. १९९६ मध्यें जें कॉम्पॅकसारख्या बलाढ्य कंपनीला करतां आलें नाहीं, तें अठ्ठावीस वर्षांनीं तेथील सामान्य गृहस्थाला करतां आलें. भारतांतहि ता. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ग्राहकाला चकविणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी प्रसिद्ध करून त्यांस मनाई केली. त्या यादींत छुपी जाहिरात आहे व पुन्हा पुन्हा लावलेला तगादाहि आहे. नियमाचें बळ तक्रारीनें वाढतें. नियम कागदावर आला आहे. त्याचा उपयोग करून घेणें आतां घरोघरच्या ग्राहकांच्या हातीं आहे.

जॅक्सन हाइट्सच्या भाषणापासून शंभर वर्षांत साधनें कितीतरी बदललीं, परंतु न्यायाचें माप तेंच राहिलें आहे. जाहिरात ही मोलाच्या ऐवजीं येत असेल तर ती देवघेव आहे. मोल घेतल्यावर न सांगतां येत असेल तर ती आगंतुकी आहे. आगंतुकाला दारांतून परत पाठविण्यासाठीं घरच्या माणसाला किल्ल्या शोधीत हिंडावें लागूं नये, एवढीच अपेक्षा आहे. ती फार मोठी नाहीं. आणि ज्यानें पुरे पैसे मोजले आहेत त्यानें ती मागतांना संकोच धरण्याचें कारण नाहीं.